देवळासाठी सिक्युरिटी ग्रँट मागताय? या चुका टाळा

डिसेंबर २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेवार्कच्या स्वामीनारायण मंदिराच्या भिंतींवर कुणीतरी घोषणा रंगवल्या. सप्टेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मेलव्हिलच्या मंदिराबाहेरही तसंच घडलं. तेव्हापासून आमच्या बैठकांत फेमाच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या, 'नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट'चा (ना-नफा संस्थांना सुरक्षेसाठी मिळणाऱ्या अनुदानाचा) विषय निघतोच. २०२४मध्ये एका जागेसाठी २ लाख डॉलरपर्यंत मागता येत होते. रक्कम मोठी आहे, म्हणूनच अर्ज हातचा गेला की जीव हळहळतो.

सर्वांत महाग चूक म्हणजे मंजुरीचं पत्र आलं की पैसे आले असं समजणं. हे अनुदान परतफेडीचं आहे. आधी खर्च तुमचा, मग बिलं आणि पैसे भरल्याचे पुरावे राज्याकडे, आणि त्यानंतर रक्कम तुमच्या खात्यात. मधले काही महिने लाखभर डॉलर कुठून आणणार, हे खजिनदाराला अर्ज करण्याआधीच विचारा.

याच उत्साहात आम्ही एकदा हात पोळून घेतले. पत्र मिळालं आणि आठवड्याभरात कॅमेऱ्यांसाठी भिंतीला भोकं पाडून घेतली. पण भिंत फोडणं, खांब रोवणं, चर खणणं अशा कामांना आधी फेमाची पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा तपासणी लागते. ती व्हायच्या आत काम सुरू केल्यामुळे तो खर्च नामंजूर झाला. भक्तांच्या देणगीतून तो भरताना फार वाईट वाटलं.

अर्जात नुसती भीती लिहू नका. 'हिंदूंवर हल्ले वाढलेत, म्हणून १६ कॅमेरे हवेत' एवढ्यावर गुण मिळत नाहीत. धोका, तुमच्याच इमारतीतली उणीव आणि त्या उणिवेवरचा उपाय यांची साखळी दिसली पाहिजे. उदाहरणार्थ, पार्किंगमधून मागच्या दाराकडे येणारी वाट अंधारी आहे, दार थेट स्वयंपाकघरात उघडतं आणि महाप्रसादाच्या दिवशी ते सताड उघडं असतं. म्हणून तिथे दिवे, एक कॅमेरा आणि कार्डाने उघडणारं कुलूप हवं. असं लिहायचं तर जागेची सुरक्षा पाहणी झालेली हवी. सिसा या अमेरिकी सरकारच्या सुरक्षा यंत्रणेचे सल्लागार ती फुकट करतात, स्थानिक पोलिसांनाही विचारता येतं. शेजारच्या देवळाचा अहवाल उचलून चालत नाही.

अर्ज फेमाकडे थेट जात नाही, तुमच्या राज्याच्या ठरलेल्या यंत्रणेकडे जातो. तिची मुदत फेमाच्या मुदतीआधी संपते, म्हणून तारीख राज्याच्या संकेतस्थळावरच पाहा.

दर गणपतीला शाळेचा हॉल घेणाऱ्या मंडळांनी हेही ध्यानात घ्यावं: संस्थेचा वावर असलेली प्रत्यक्ष जागा लागते, पोस्टाची पेटी चालत नाही. बांधकाम चालू असलेलं नवं देऊळही बसत नाही. भाड्याच्या जागेत काही बसवायचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या.

'आपल्याच सभासदाची कॅमेऱ्यांची कंपनी आहे, स्वस्तात करून देईल' हे आपल्याकडे हमखास होतं. ज्याने कामाचा तपशील लिहून दिला, त्याला त्या कामासाठी दर भरता येत नाही. विश्वस्ताच्या नातलगाची कंपनी असेल तर त्या विश्वस्ताने निवडीतून बाजूला व्हावं.

अनुदानाचे पैसे मिळायला यूईआय क्रमांक, म्हणजे संस्थेचा सरकारदरबारचा ओळख क्रमांक, लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतो, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. अर्ज खुले झाले की हाती जेमतेम काही आठवडे असतात, म्हणून हा क्रमांक आणि जागेची पाहणी ही दोन कामं यंदा गणपती उरकले की लगेच करून ठेवा.