शेवरोलेची १९६९ कॅमॅरो झेड/२८ गाडी: इंजिनवर गाडीचा नंबर सापडत नव्हता, शेवटी सापडला (माझा अनुभव)

लक्षण: इंजिनच्या उजव्या बाजूला, पुढे, अल्टरनेटरमागच्या सपाट पट्टीवर फक्त 'व्ही०३२०डीझेड' दिसत होतं. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३२० म्हणजे जुळणीची तारीख २० मार्च, डीझेड म्हणजे झेड/२८ चं ३०२ घन इंचांचं इंजिन. गाडीचा कारखान्यातला नंबर (नंबरप्लेटचा नव्हे) मात्र कुठेच नाही, आणि इंजिन मूळचंच आहे हे त्यावरूनच कळतं. विकणाऱ्याने "इंजिन बदललेलं असणार" म्हणून हात झटकले. तीन शनिवार वाया गेले, जीव मेटाकुटीला आला.

फ्लॅश मारून फोटो काढले, अक्षरं आणखीच पुसट. तारेचा ब्रश मात्र चुकूनही लावू नका, मूळ खुणाच जातात.

मग हे केलं. गाडी थंड असताना ऑइल फिल्टर काढला. तो डावीकडे, मागच्या बाजूला असतो. त्याच्या जरा वर, ब्लॉकच्या खडबडीत ओतीव भागावर रंगाचा जाड थर होता. रंग काढायचं जेल लावलं, थांबलो, नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने पुसलं. टॉर्च अगदी आडवी धरली, खडू घासला, आणि '१९एन' उमटलं: १ म्हणजे शेवरोले, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुडचा गाडी कारखाना. पुढचे सहा आकडे डॅशबोर्डवरच्या नंबरच्या शेवटच्या सहांशी तंतोतंत जुळले. १९६९ च्या काही गाड्यांत नंबर पट्टीवर नसून इथेच असतो.

खात्रीसाठी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा शाबूत आहेत. पट्टी घासून नवे शिक्के मारले असते तर त्या उरल्या नसत्या. आणि ब्लॉकवरची ओतकामाची तारीख 'सी ११ ९', म्हणजे ११ मार्च १९६९, जुळणीच्या नऊ दिवस आधीची.