गुंतवणूक कंपनीत नोकरी: नागपूरच्या ब्रांचमधला अनुभव

बी.कॉम., एमबीए झालेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "पॅकेज किती?" म्युच्युअल फंड विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या नागपूर ब्रांचमध्ये मी रिलेशनशिप मॅनेजर आहे. माझं सांगणं असं, की पॅकेजच्या आधी तिथली महिनाअखेर कशी जाते ते विचारा.

परीक्षेचं पटकन सांगतो. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएम या संस्थेची सिरीज पाच-ए ही परीक्षा पास व्हावी लागते. 100 प्रश्न, दोन तास, 50 टक्क्यांना पास. मग ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून ईयूआयएन, म्हणजे तुमचा स्वतःचा ओळख नंबर, मिळतो. तुम्ही केलेल्या अर्जावर तो जातो. वरून कितीही दबाव आला तरी कागदावर नंबर तुमचा असतो, साहेबांचा नाही. हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

आता महिनाअखेर, म्हणजे टार्गेट भरायची धावपळ. इक्विटी फंडाचा, म्हणजे शेअर्समध्ये पैसे लावणाऱ्या फंडाचा, कट-ऑफ दुपारी 3 चा. तोवर अर्जासोबत पैसेही फंडाच्या खात्यात पोचले, तरच त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटचा भाव, मिळते. त्यामुळे पावणेतीनला सगळेच फोनवर. अशाच एका दुपारी वेकोलि या कोळसा कंपनीतून रिटायर झालेले एक काका आले. मुलीच्या लग्नाला दोन वर्षांनी पैसे लागणार होते. नव्या पोराने स्मॉलकॅपचा, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समधल्या जास्त जोखमीच्या फंडाचा, फॉर्म पुढे केला. ब्रांच मॅनेजर मॅडमनी तो उचलला, पोराला बाजूला घेतलं आणि जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरवर बोट ठेवून म्हणाल्या, "काका दोन वर्षांत पैसे लागतात म्हणून राहिले, अन् तू हे काय दाखवून राहिला?" त्या महिन्यात ब्रांचचं टार्गेट अपुरं होतं. संध्याकाळच्या रिव्ह्यूत वरच्यांचं बोलणं त्यांनी स्वतः ऐकून घेतलं, पोराचं नाव काढलं नाही. असा बॉस मिळत असेल तर पगार थोडा कमी असला तरी जा.

माझ्या आधीच्या नोकरीत उलट होतं. सगळ्यांसमोर उभं करून झापायचे, रविवारी लोकेशन मागायचे. आकडा भरायला नातेवाइकांच्या नावाने एसआयपी, म्हणजे दरमहा हप्त्याची गुंतवणूक, काढायला लावायचे. दोन-तीन हप्त्यांत त्या बंद पडायच्या, आणि पुढच्या महिन्याचं टार्गेट मात्र त्या फुगलेल्या आकड्यावरून ठरायचं. चांगली, कष्टाळू पोरं यातच खचून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

इंटरव्ह्यूत बेधडक विचारा: या जागेवरचा आधीचा माणूस का गेला? टार्गेट हुकलं तर पगाराला हात लागतो का? मे महिन्याच्या उन्हात बुटीबोरी, काटोलपर्यंत क्लायंटकडे फिरायचं, तर पेट्रोलचे पैसे कोण देतं? एचआर गोडच बोलणार. म्हणून फंडांचे अर्ज नि हिशेब सांभाळणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांच्या काउंटरवर जा. तिथे फॉर्म जमा करायला निरनिराळ्या कंपन्यांची पोरं येतात, चहा पिता पिता सगळं सांगतात. ऑफर लेटरमध्ये फिक्स किती, व्हेरिएबल किती ते वेगळं लिहून घ्या, आणि नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे ते सही करण्याआधी वाचा.