गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी: भाद्रपद लागण्याआधी काय काय करायचं

मी आरोग्य खात्यात परिचारिका होते. निवृत्तीनंतर सातारा शहराबाहेरच्या एका प्राणी निवाऱ्यात फोन घेते आणि नसबंदीच्या गाडीचं वेळापत्रक लावते. सगळ्यात जास्त येणारा फोन असा असतो: "ताई, आमच्या जिन्याखाली कुत्री व्यालीय. गाडी पाठवा आणि सगळी घेऊन जा." दिवाळीच्या आगेमागे हे फोन सुरू होतात आणि संक्रांत उलटली तरी थांबत नाहीत. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि कुत्रीचे दिवस भरतात साधारण ६३ दिवसांत. हिशोब सरळ आहे. म्हणून हे सगळं चैत्र-वैशाखात वाचावं आणि पाऊस लागायच्या आत उरकावं, अशी माझी विनंती.

आमच्या निवाऱ्यात जागा रिकामी करण्यासाठी कुठल्याही जनावराला मारत नाहीत. असह्य वेदनेत असलेल्या, बरं होण्याची आशा नसलेल्या जनावराला डॉक्टर शांतपणे झोपवतात, पण तो निर्णय त्या एका जिवाकडे बघून घेतलेला असतो. जागेचा हिशोब त्यात येत नाही. कमरेतून लुळी पडलेली, आंधळी, म्हातारपणी मालकानं रस्त्यावर सोडलेली कुत्री आमच्याकडे शेवटपर्यंत राहतात, आणि त्यामुळे पिंजरे कायम भरलेले असतात. धडधाकट कुत्र्याला तिथे जागा नाही, आणि असूही नये. त्याचं घर तुमची गल्लीच आहे. आम्ही त्याला काही दिवसांसाठी नेतो, शस्त्रक्रिया करतो, रेबीजची लस टोचतो आणि परत आणून सोडतो. बाकीचं वर्ष तुमच्या हातात असतं.

"सगळी उचलून लांब का सोडत नाही?" असं विचारणाऱ्यांना मी मुंबईचं उदाहरण देते. तिथे १९९४ पर्यंत महापालिका कुत्री मारत होती. वर्षानुवर्षं मारूनही रस्ते रिकामे झाले नाहीत, कारण उकिरडा तिथेच होता. एका टोळीची जागा मोकळी झाली की शेजारची टोळी तिथे येते, आणि ती ना लस टोचलेली असते ना नसबंदी झालेली. आज कायदाही हेच सांगतो. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम पहिल्यांदा २००१ मध्ये आले, आताचे मार्च २०२३ चे आहेत. जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असं त्यात स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्लीच्या कुत्र्यांना निवाऱ्यात डांबायला सांगितलं होतं, पण त्याच महिन्याच्या २२ तारखेला आदेश बदलला: नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन मूळ जागी सोडा, पिसाळलेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर धावून येणारं कुत्रं मात्र सोडू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांसाठी वेगळा आदेश आला. तिथून उचललेली कुत्री पुन्हा त्याच आवारात सोडायची नाहीत. तुमचं काम गल्लीत आहे की शाळेच्या कुंपणाच्या आत, हे म्हणून आधी बघून घ्या.

आता कामाला लागू.

पहिली गोष्ट, एक वही करा. उपकेंद्रावर आम्ही घरोघर फिरून शून्य ते पाच वयाच्या मुलांची यादी करायचो. यादीशिवाय लसीकरणाचं सत्र लावलं की तीच तीच मुलं येतात आणि जी राहायला नकोत नेमकी तीच राहतात. कुत्र्यांचंही अगदी तसंच होतं. सलग तीन-चार दिवस पहाटे, कचरागाडी यायच्या आत, गल्लीत एक फेरी मारा. प्रत्येक कुत्र्याचं नाव, रंग, नर की मादी, अंदाजे वय, झोपायची जागा आणि त्याला खायला घालणारं माणूस, एवढं लिहा. मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कानाच्या टोकाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. ते वेगळ्या पानावर लिहा, कारण त्यांना फक्त लस लागेल. "राणी, तांबूस, शेपटीचं टोक पांढरं, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर झोपते, गिरणीवाल्या अण्णांचंच ऐकते" अशी एक ओळ गाडीवरच्या मुलांचा अर्धा तास वाचवते.

वहीत तीन खुणा हव्यातच. गाभण, पिल्लं अंगावर पीत असलेली, आणि सहा महिन्यांच्या आतली. पाजणारी मादी उचलली तर पिल्लं उपाशी मरतात. ती दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत आईला हात लावायचा नाही. पण तारीख लिहून ठेवा. पिल्लं सुटली की पुढच्या माजाआधी तिला गाठायचं असतं, आणि लोक नेमकं तेव्हाच विसरतात.

दुसरी गोष्ट, अर्ज. नसबंदी ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, महापालिका असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज लिहा. वहीवरून आकडे टाका: एकूण किती, माद्या किती, खाच असलेली किती. खाली गल्लीतल्या लोकांच्या सह्या घ्या, आणि जे कुत्र्यांवर चिडलेले आहेत त्यांची सही आधी घ्या. कुत्री वाढू नयेत असं त्यांनाही वाटतं, तुम्हालाही वाटतं. इथे भांडण नाहीच. दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पालिकेकडे सोय नसेल, तर जवळचा निवारा किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तिथे पहिला प्रश्न हा विचारा की शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यांना किती दिवस ठेवता. मादीचं पोट उघडलेलं असतं. संध्याकाळी गुंगीत परत सोडतो म्हणणाऱ्या जागी आपलं जनावर देऊ नका.

तिसरी गोष्ट पकडण्याची, आणि खरं काम इथेच आहे.

कुत्र्यानं एकदा जाळी बघितली की ते गाडीचा आवाज ओळखतं. आज दोन, पुढच्या आठवड्यात दोन असं केलंत तर उरलेली वर्षभर हाती लागत नाहीत. एका टोळीतली सगळी एक किंवा लागोपाठ दोन दिवसांत उचलायची. त्यासाठी गाडी यायच्या आधी निदान दोन आठवडे एकाच जागी, एकाच वेळी खायला घाला. रोज रात्री अकराला पाच ठिकाणी बिस्किटं टाकणाऱ्या मायाळू माणसाला माझं सांगणं आहे: बिस्किटं बंद करा, भाकरी-दूध किंवा भातात शिजवलेली कोंबडीची कातडी सकाळी सातला एका कोपऱ्यात द्या, आणि खाऊन झालं की जागा झाडून घ्या. नियमांतही खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, इमारतीच्या दारापासून लांब ठरवायला सांगितलं आहे. शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात. त्या कोपऱ्यात रोज अंगावरून हात फिरवा, पाठीवरून, मग पोटाखालून. गळ्यात सुती पट्टा घालायची सवय लावा. गाडी येते त्या दिवशी खायला घालणाऱ्यानं स्वतः उचलून पिंजऱ्यात ठेवलेलं कुत्रं घाबरत नाही, चावत नाही, आणि बाकीची पळून जात नाहीत. उरलेल्या एखाददुसऱ्यासाठीच जाळी काढायची. चिमटे आणि तारेचे फास घेऊन कुणी आलं तर त्यांना तिथूनच परत पाठवा.

त्या सकाळी पोटभर घालू नका. भूल द्यायची असते. बोलावण्यापुरता तुकडा पुरे.

प्रत्येक टोळीत एक मादी अशी असते की ती कुणाच्याच हाती येत नाही. बहुधा तीच सगळ्यात जास्त वेळा व्यालेली असते. तिच्यासाठी दरवाजा पडणारा सापळा-पिंजरा मागवा. आठवडाभर तो नुसता उघडा ठेवा, दार दोरीनं बांधून टाका, आणि जेवण रोज थोडं थोडं आत सरकवत जा. आत जाऊन निवांत खायला लागली की दोरी सोडा. एक सुटली तर काय होतंय, असं म्हणून हा शेवटचा आठवडा लोक गाळतात. मी सांगते काय होतं: ती व्याली, तिची पिल्लं वाढली आणि त्यातल्या माद्या व्याल्या, की दोन वर्षांत तुमची वही होती तिथे येते.

गाडीत चढताना प्रत्येकाच्या गळ्यात नंबर पडला का ते पाहा, आणि तो नंबर त्याच क्षणी वहीत त्या नावासमोर लिहा. परत आणताना चूक होऊ नये म्हणून हा एवढाच उपाय आहे. दुसऱ्या पेठेत सोडलेलं कुत्रं तिथल्या टोळीचा मार खातं, घाबरून मोठ्या रस्त्यावर धावतं आणि गाडीखाली येतं. नंबर असेल तर तुम्ही फोनवर विचारू शकता: "आमची सतरा नंबरची राणी कधी येते?" असं विचारणारं माणूस आहे हे कळलं की सगळ्यांचीच काळजी वाढते.

परत आल्यावर आठ-दहा दिवस टाक्यांवर नजर ठेवा. थोडी सूज असते. पाणी, पू, दुर्गंधी किंवा टाका उघडलेला दिसला तर लगेच फोन करा. हळद लावू नका, आंघोळ घालू नका. मादीला उकिरड्यावरून लांब, कोरड्या पोत्यावर झोपू द्या. गिरणीवाल्या अण्णांनी राणीसाठी दुकानाचं एक शटर अर्धं उघडं ठेवलं होतं. तेवढं आमच्या दहा पिंजऱ्यांच्या बरोबरीचं आहे, कारण तेवढ्यात आमच्याकडे एखाद्या पाय मोडलेल्याची सोय होते.

पिल्लं झालीच असतील तर त्यांना खोक्यात घालून निवाऱ्याच्या फाटकाशी ठेवू नका. हे मी हात जोडून सांगते. पारवोचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो, आणि जिथे आजारी जनावरं येतात त्या आवारात लस न झालेलं पाच आठवड्यांचं पिल्लू रक्ताची हगवण लागून चार दिवसांत जातं. जिन्याखाली आईजवळ ते जास्त सुरक्षित असतं. आई तासन् तास दिसली नाही म्हणून पिल्लं पोरकी झाली असं समजू नका. ती पोट भरायला गेलेली असते. वाऱ्यापावसाचा आडोसा करा, आईला दुप्पट खायला द्या. आई खरोखरच मेली असेल तर गाईचं दूध पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यानं ढाळ लागतात. लहान पिल्लाला दुधाआधी ऊब लागते: कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा. दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांत पारवो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) यांची लस, तीन महिन्यांना रेबीजची. आणि घर शोधायचं तर दोन महिन्यांच्या वयात शोधा, तेव्हाच घरं मिळतात. मादी पिल्लू नको म्हणणाऱ्यांना निवाऱ्याकडून मोठी झाल्यावर नसबंदी करून मिळेल असं लिहून द्या. आम्ही देतो.

रेबीजची लस दर वर्षी टोचायची. त्यासाठी २८ सप्टेंबर, म्हणजे जागतिक रेबीज दिनाचा आठवडा धरा; तेव्हा बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं असतात. गल्लीतल्या दहापैकी निदान सात कुत्र्यांना लस असली की रोग पसरायला वाट राहत नाही. शेजारच्या गोव्यात राज्यभर कुत्र्यांना घरोघर, रस्तोरस्ती जाऊन लस टोचली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे.

कुणाला कुत्रं चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, मिरची, तंबाखू काही नाही. मग थेट सरकारी दवाखाना. दंडाच्या कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते, आणि दात घुसून रक्त आलं असेल तर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते मागून घ्या. दुखणं थांबलं म्हणून शेवटचं इंजेक्शन चुकवलेली माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. चावलेल्या कुत्र्याला मारू नका. त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. ते जिवंत आणि ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. लस मात्र दहा दिवस संपायची वाट न बघता त्याच दिवशी सुरू करायची.

आणि फोन करताना एवढं हाताशी ठेवा: जागेची खूण, वहीतले आकडे, गाभण आणि पाजणाऱ्या किती, गाडी येईल तेव्हा हजर राहणाऱ्या दोन माणसांचे नंबर, आणि सकाळी सातला खायला घालायला सुरुवात कधी केली ती तारीख. ही तारीख ज्यांच्याकडे तयार असते त्यांना मी गाडीचा पहिला मोकळा दिवस देते.