सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी मोजा, मग पुसा

खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की गावातल्या सेवा केंद्रावर सकाळपासून रांग लागते. नेमक्या त्याच दिवसांत पडद्यावर 'लो डिस्क स्पेस' असा इशारा येतो, पीडीएफ सेव्ह होत नाही, प्रिंट अडकते. मग घाईघाईत दिसेल ते फोल्डर पुसलं जातं आणि नको ते हातचं जातं. डिस्क कशाने भरली हे शोधायला अर्धा तास पुरतो. तो आधी द्या. पुढच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ दोन्हींना चालतात.

'धिस पीसी' उघडून कोणता ड्राइव्ह भरलाय ते बघा. ५०० जीबीची डिस्क ४६५ आणि २५६ ची २३८ दिसते म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. रिसायकल बिनही उघडून बघा. डिलीट केलेल्या फायली तिथे जागा धरून बसतात, आणि बिन रिकामा केल्याशिवाय ती जागा सुटत नाही.

आता सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने जा आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबा. अॅप किती, डॉक्युमेंट किती, हा ढोबळ हिशेब इथे मिळतो. 'टेम्पररी फाइल्स' वर क्लिक केलं की काय काय काढता येईल त्याची यादी येते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकांनी ११ चढवलं. अशा मशीनवर जुनी विंडोज एका फोल्डरात जपून ठेवलेली असते आणि सहज दहा-वीस जीबी खाते. साधारण दहा दिवसांनी ती आपोआप जाते. राहिली असेल तर याच यादीतल्या 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर टिक करून काढा, पण त्यानंतर १० वर परत जाता येत नाही. याच यादीत 'डाउनलोड्स' असाही एक पर्याय असतो. त्यावर टिक केली तर डाउनलोड फोल्डरातलं सगळं पुसलं जातं. सेवा केंद्रात लोकांच्या अर्जांच्या पावत्या बहुधा तिथेच पडलेल्या असतात, तेव्हा टिक लावण्याआधी यादी नीट वाचा.

खरा शोध लागतो तो विनडरस्टॅट किंवा विझट्री यांसारख्या सॉफ्टवेअरने. विनडरस्टॅट सगळ्यांना मोफत आहे. विझट्री घरगुती वापराला मोफत आहे, दुकानासाठी पैसे भरावे लागतात. मात्र त्याचा वेग फार. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फायली मांडण्याची पद्धत) ड्राइव्हवर एकेक फोल्डर न चाळता तो फायलींचं मूळ रजिस्टरच थेट वाचतो. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडा, नाहीतर काही फोल्डर मोजले जात नाहीत आणि बेरीज जुळत नाही. मोजणी झाली की पडदा गटनकाशासारखा दिसतो. प्रत्येक चौकोन म्हणजे एक फाइल, आणि फाइल जेवढी मोठी तेवढं तिचं वावर मोठं. सगळ्यात मोठ्या चौकोनावर क्लिक करा, तिचा पत्ता वाचा, मग त्याखालचा मोठा. पहिल्या दहा-बारा फायलींतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

स्कॅनिंगचं काम असेल तर स्कॅनचं फोल्डर आधी तपासा. ए४ आकाराचा एक रंगीत कागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) बिटमॅपमध्ये, म्हणजे न दाबलेल्या चित्रात, स्कॅन केला की सुमारे १०० एमबी होतो. तोच २०० डीपीआयला नवव्या हिश्श्यावर येतो, जेपीजी केला तर आणखी कितीतरी लहान. सातबारा वाचता येण्यासाठी २०० पुरेसे आहेत. लोकांच्या आधारकार्डांच्या जुन्या स्कॅन तर काम झाल्यावर पुसायलाच हव्यात. तो जागेपेक्षाही विश्वासाचा प्रश्न आहे.

फोटो स्टुडिओत लग्नसराई संपता संपता डिस्क भरते. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चित्रित केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी घेतो. असं काम सी ड्राइव्हवर ठेवूच नका. इथे आणखी एक गोष्ट लपलेली असते. फोटोशॉप चालू असताना लाईट गेली की 'फोटोशॉप टेम्प' नावाने सुरू होणाऱ्या फायली मागे राहतात. एकेक कित्येक जीबीची असू शकते, आणि उन्हाळ्यात अशा चार-पाच साचतात. फोटोशॉप पूर्ण बंद करा, मगच त्या पुसा. यूपीएस लावला तर हा त्रास मुळातूनच कमी होतो.

अडकलेल्या प्रिंटही जागा खातात. विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात त्या पडून असतात. 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, त्या फोल्डरातल्या फायली पुसा, स्पूलर पुन्हा सुरू करा. स्पूलर चालू असताना पुसायला गेलात तर फाइल वापरात आहे असं म्हणून विंडोज नकार देतं.

नकाशात 'हायबरफिल' नावाची मोठी फाइल दिसेल. ती हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून मशीन बंद करण्यासाठी असते आणि रॅमच्या प्रमाणात मोठी होते. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', जागा सोडून तिरपी रेघ आणि 'एच', पुन्हा जागा सोडून 'ऑफ' टाइप केलं की ती जाते. पण त्याबरोबर झटपट सुरू होण्याची सोयही जाते. यूपीएसची बॅटरी संपत आली की मशीन हायबरनेट होईल असं लावलेलं असेल, तर तिला हात लावू नका.

'विनएसएक्सएस' हे विंडोजच्या स्वतःच्या फायलींचं फोल्डर मोठं दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच फायली म्हणजे एकाच फाइलची दोन ठिकाणी लागलेली नावं असतात, त्यामुळे खरा आकार दिसतो त्यापेक्षा कमी असतो. ते आणि विंडोजमधलं 'इन्स्टॉलर' हे फोल्डर हाताने कधीही पुसू नका. इन्स्टॉलर रिकामं केलं तर पुढे ऑफिससारखं सॉफ्टवेअर ना अपडेट होतं ना नीट काढता येतं.

एवढं करूनही बेरीज जुळली नाही, तर 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून उघडा, सी निवडा आणि 'कॉन्फिगर' दाबा. रिस्टोअरच्या, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या, प्रतींनी किती जागा घेतलीय ते तिथे दिसतं. खालची पट्टी सरकवून पाच टक्क्यांच्या आसपास आणा.