चाच्यांच्या गेममधला गुत्ता फसतो कुठं? या चुका टाळा

आम्ही नागपूरच्या धरमपेठेत रविवारी पाच जण जमतो, फासे, कागद अन् चाच्यांचं कॅम्पेन, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन बऱ्याच बैठका खेळायची गोष्ट. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचून सांगणारा, मी. पहिल्या गुत्त्यात माझे प्लेअर तीन सेशन अडकून बसले होते, बाहेर पडतच नव्हते, म्हणून हे लिहून राह्यलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गुत्ता नुसता बसायची जागा म्हणून लिहिणं. मी दोन पानं वर्णन लिहिलं, कंदील, पिंपं, एक डोळा गेलेला मालक, सगळं झकास, पण तिथून निघायचं कारणच कोणाले दिलं नाही. मग डोक्यात आला आपला पानठेला. तिथं माणूस पानासाठी कमी अन् खबरीसाठी जास्त थांबतो आणि उधारीची वही असते! तीच वही मी गुत्त्यात ठेवली.

चाच्यांच्या काळातला चांदीचा स्पॅनिश नाणा म्हणजे आठ रेआलचा (रेआल म्हणजे स्पेनचं छोटं नाणं), सुटे नसले तर लोक तो कापून तुकडे द्यायचे. आता प्लेअरनं एका रमसाठी अख्खा नाणा टाकला की मालक म्हणतो सुटे नाहीत, पण उद्या एक जहाज सुटते, त्याले सुतार पाहिजे, तिथं जा अन् मागची उधारी फेड. झालं, सगळे उठले.

दुसरं, गुत्त्यात सगळेच चाचे नका बसवू राजेहो. कासवं पकडणारे, दोर विकणारे, पगार न मिळालेले खलाशी, हे लोक लागतात, नाहीतर लुटायचं कोणाले आणि बातमी आणायची कोणी? आल्या आल्या मारामारी पण नको, एकदा खुर्च्या उडाल्या की कोणी कोणाशी बोलत नाही, सेशन तिथंच संपते.

पेयाचं बघा. १६९० च्या गोष्टीत ग्रॉग आणू नका, रममध्ये पाणी घालून वाटायचा हुकूम ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅडमिरल व्हर्ननचा, तो १७४० चा. त्याआधी नुसती रम, बार्बाडोसवाली, जिले लोक किल-डेव्हिल म्हणायचे. ती उसाच्या मळीपासून बनते, तेव्हा आपल्या प्लेअरले मळी म्हटलं की लगेच कळते.

वास विसरू नका. सावजीत शिरलं की ठसका आधी लागतो अन् पाटी मग दिसते, तसंच इथं. दोरांचं डांबर, तंबाखू, कासवाच्या मटणाचा रस्सा, एवढ्या तीनच गोष्टी सांगा. आमच्यातल्या दोघांनी बंदर पाह्यलंच नाही तरी त्यांना ते दिसलं.

सेशन रेंगाळत असंल तर नवीन माणूस आणू नका, जमीन हलवा. माझं बंदर काल्पनिक आहे, पण सांगाडा जमैकातल्या पोर्ट रॉयलचा. ते शहर वाळूच्या पट्ट्यावर होतं, ७ जून १६९२ च्या भूकंपात वाळू पाण्यासारखी झाली अन् मोठा भाग समुद्रात गेला. म्हणून मी तिसऱ्या सेशनपासूनच पेल्यातली रम जराशी थरथरवतो, कारण सांगत नाही. मागच्या रविवारी एकानं स्वतःहून विचारलं, हा मालक पिंपं वरच्या मजल्यावर काहून नेऊन राह्यला?