सी-१० ला ब्लेझरची टाकी

१९७० च्या शेव्हरोले सी-१० पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटमागे असते. पाठीशी पेट्रोल घेऊन गाडी चालवणं मला कधीच रुचलं नाही; वासाचं तर विचारूच नका. म्हणून नंतरच्या ब्लेझरची (ही शेव्हरोलेचीच एसयूव्ही) टाकी मागे, चासीच्या दोन दांड्यांमध्ये बसवली. स्टेपनी तिथून हलवावी लागली. खरी डोकेदुखी पेट्रोल भरायच्या नळीची. तोंड हौद्याच्या फळीत काढलं, नळीला सलग उतार दिला, हवा निघायची नळी वेगळी वर नेली. नाहीतर पंपावर नोझल सारखं बंद पडतं. पेट्रोलच्या काट्याचा प्रश्नच आला नाही: दोन्ही टाक्यांचे फ्लोट (पातळीनुसार विद्युत रोध बदलून काटा हलवणारे तरंगे) ० ते ९० ओहमचे, रिकामी असताना ०, भरल्यावर ९०. (फोर्डच्या मस्टँगची टाकी घेतली असती, तर काटा उलटा चालला असता; तिचा रोध टाकी भरताना कमी होतो!) फक्त फ्लोटसाठी टाकीपासून चासीपर्यंत अर्थिंगची वायर वेगळी टाकली.