बेंचरेस्ट रायफल: नेमाचा बिंदू ठरवताना या चुका टाळा

बेंचरेस्टमध्ये, म्हणजे टेबलावर टेकवून केलेल्या नेमबाजीत, रायफल बॅगांवर स्थिर बसलेली असते, त्यामुळे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) फुटला की आधी दोष काडतुसांच्या लॉटला, म्हणजे खेपेला, दिला जातो. लॉट बदलण्यापूर्वी स्वतःचा नेम तपासा.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे टार्गेटच्या काळ्या गोलाच्या मध्यावर स्कोपचा (रायफलवरच्या दुर्बिणीचा) क्रॉस, म्हणजे आडव्या-उभ्या तारांची फुली, अंदाजाने ठेवणं. ५० मीटरच्या नेहमीच्या रायफल टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिमी असतो, दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिमी. काळ्यावर हा काळा क्रॉस हरवतो आणि प्रत्येक शॉटला मध्य थोडा वेगळा दिसतो. ग्रुपच्या सरावाला पांढऱ्या कागदावर जाड रेषेचा चौकोन काढा आणि क्रॉस दर वेळी त्याच्या एकाच आतल्या कोपऱ्यात बसवा. आडवी-उभी तार चौकोनाच्या कडांना समांतर दिसली, की रायफल तिरकी नाही हेही कळतं.

हा कोपरा गोळ्यांनी फाटू देऊ नका. दोन शॉट तिथेच लागले तर तिसऱ्याला धरायला कोपराच उरत नाही. १/८ एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) स्कोपमध्ये नेम सरकवणाऱ्या बटणाचा एक क्लिक ५० मीटरवर सुमारे १.८ मिमी होतो. १६ क्लिक खाली घेतले, की गोळ्या जवळपास २९ मिमी खाली पडतात आणि कोपरा शाबूत राहतो. गुण मोजायच्या स्कोअर कार्डावर मात्र झिरो (क्रॉस जिथे, गोळी तिथे अशी स्कोपची जुळणी) मध्यावरच हवा. तिथे एका बुलवर (कार्डावरच्या एका छोट्या टार्गेटवर) एकच शॉट असतो, म्हणून ही अडचण येत नाही.

शॉट विनाकारण आडवे पसरत असतील तर पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉस टार्गेटवर सरकल्यासारखा दिसणं) बघा. आधी आयपीस (डोळ्याकडची काच) फिरवून क्रॉस स्पष्ट दिसेल असा करा. मग चेंबर रिकामं, रायफल बॅगांवर, हात बाजूला. फक्त डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. क्रॉस टार्गेटवर सरकला तर पॅरॅलॅक्सची रिंग क्रॉस जागच्या जागी राहीपर्यंत फिरवा. रिंगवरच्या अंतराच्या आकड्यावर विसंबू नका. स्कोपच्या कडेला एका बाजूला काळी चंद्रकोर दिसली, तर डोळा मध्यावर नाही. ट्रिगर दाबू नका.

पावसाळ्यात एसी गाडीतून रायफल थेट रेंजवर आणली की काचेवर दव धरतं. ते पुसत बसू नका, स्कोपला हवेशी जुळायला वेळ द्या.

वरळीसारख्या समुद्राजवळच्या रेंजवर दुपारचा वारा गंभीरपणे घ्या. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा .२२ची गोळी ५० मीटरवर साधारण दोन-अडीच सेंटीमीटर ढकलतो. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात अशा) बॅरलमधून, उजवीकडून वारा असेल तर गोळी डावीकडे आणि किंचित वर जाते. डावीकडून असेल तर उजवीकडे आणि किंचित खाली. म्हणून नेम नुसता आडवा सरकवून भागत नाही. प्रत्येक झुळकीला क्लिक फिरवले तर झिरोचा हिशेब हातातून निसटतो. साइटर (गुण न मोजला जाणारा चाचणी शॉट) मारून गोळी कुठे पडते ते बघा, नेम तेवढाच विरुद्ध बाजूला धरा आणि वारा दाखवणारी रेंजवरची पताका पुन्हा तशीच फडकेपर्यंत थांबा.